साधं पेट्रोल आणि मामाच्या दोन टर्बो गाड्या

बाबांच्या तेराव्याला मामा नव्या टर्बो गाडीतून आला. जेवणं आटोपल्यावर, बाबांच्या हार घातलेल्या फोटोसमोर खुर्ची ओढून, दाजींनी, म्हणजे बाबांनी, आपल्या पहिल्या गाडीचं इंजिन कसं जाळलं ते सांगायला बसला. आठ वर्षं मी ही गोष्ट लग्नाबारशांत ऐकत आलो होतो. सांगताना तो नेहमी हसायचा. मला तो माणूस त्या हसण्यामुळेच कधी आवडला नाही.

आमच्या बेटावर लॉंग माउंटन गावात घराला लागूनच बाबांचं गराज होतं. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मामाने टर्बो गाडी घेतली, जुनीच, बाहेरून आलेली. रोझ हिलच्या सरकारी कचेरीत तो साहेब होता. अशी गाडी त्याला शोभत होती. बाबांनी असं इंजिन कधी उघडलं नव्हतं. गाडीबरोबर आलेलं फ्रेंच पुस्तक मी दोन रविवार त्यांना वाचून दाखवलं. बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर एक पंखा फिरतो आणि तो जास्तीची हवा इंजिनात कोंबतो. त्या दाबाने आणि उष्णतेने हलकं पेट्रोल वेळेआधीच भडकतं. आत ठोके बसतात आणि पिस्टन जळतो. ते इंजिन बहिरं होतं, स्वतःचे ठोके त्याला कळत नसत. बाबांनी मामाला सांगितलं, सुपर, म्हणजे भारी पेट्रोलच भरायचं, एकदाही दुसरं नाही.

सहा महिन्यांनी गाडी दोरीने ओढून आणली. पिस्टनच्या माथ्याला बोट जाईल एवढं भोक पडलेलं. कुठलं पेट्रोल भरलं, असं बाबांनी विचारलं. तुम्ही सांगितलं तेच, असं मामा म्हणाला. बायकोच्या भावाला खोटं कसं पाडायचं? बाबांनी मान खाली घातली. चूक मग बाबांच्या हाताची ठरली. हळूहळू दुरुस्तीला येणाऱ्या उसाच्या लॉऱ्याही दुसरीकडे जाऊ लागल्या. बाबा दुपारी रिकाम्या गराजात स्टुलावर बसून असत आणि मी परीक्षेची पुस्तकं वाचत असे. माझाही त्यांच्यावर पुरता विश्वास उरला नव्हता. हे लिहायला मला बरेच दिवस लागले.

तेराव्याला मामा रंगात आला होता. नव्या गाडीच्या टपावर थाप मारावी तशी त्याने मांडीवर थाप मारली.

"आपला बोनोम, म्हातारा, नुसता घाबरायचा. म्हणे सुपर पाहिजे, सुपर पाहिजे. ही बघा, दोन वर्षं साधं पिते. कार्तिए मिलितेरला आपल्या माणसाचा पंप आहे, तिथेच भरतो. तेव्हाही तिथेच भरायचो. आपला माणूस सोडून परक्याला कशाला पैसे द्यायचे?"

त्या पंपावर सुपर कधीच मिळत नव्हतं. हे खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

"तेव्हाही, दादा?" आईने विचारलं.

"मग काय. सगळी इंजिनं सारखीच."

सारखी नव्हती. मी त्याला सांगितलं, फार शांतपणे, कारण ओरडणं मला जमत नाही. नव्या इंजिनाच्या अंगावर कानासारखा एक पुर्जा असतो. आत ठोका बसला की तो ऐकतो आणि ठिणगी उशिरा पडते. आत जाणारी हवाही आधी थंड केली जाते. साध्या पेट्रोलवर गाडीचा जोर कमी होतो, पण पिस्टन वाचतो. तुमच्या पहिल्या गाडीत यातलं काही नव्हतं. तिला फक्त बाबांचा शब्द होता.

"पुस्तकातली इंजिनं," मामा म्हणाला आणि कोणी हसतंय का ते पाहू लागला. कोणी हसलं नाही. कधीकाळी बाबांकडे लॉरी आणणारा एक म्हातारा दाराशी बसला होता. तो उठला आणि मामाकडे न बघता बाहेर गेला.

"म्हणजे तू जाळलंस," आई म्हणाली. "आणि यांना आठ वर्षं बोल लावलास."

आजच्या दिवशी असं बोलू नये, असं मामा म्हणाला. आजच्या दिवशीच, असं ती म्हणाली आणि ताटं उचलायला गेली.

संध्याकाळी निघताना तो अंगणात थांबला. भाचे पाया पडतात आणि तो पाठीवर हात ठेवतो, अशी त्याची सवय होती. मी त्याच्यासमोर ताठ उभा राहिलो. त्याने थोडा वेळ वाट पाहिली, मग गाडीत बसला. त्यानंतर आजपर्यंत मी त्याला वाकलेलो नाही. तो आता फार म्हातारा झाला आहे, आणि मला त्याची दया येत नाही.