राजांच्या जोडीवर दोन चिंचोके

हरेश्वर गेल्याचं जिग्नेशभाईनं फोनवर सांगितलं तेव्हा माझ्या तोंडून पहिली शिवी बाहेर पडली. ती छापण्याजोगी नाही. पुरवणीचे वाचक सभ्य असतात. शिवी देवाला नव्हती, डॉक्टरला नव्हती, खुद्द हरेश्वरला होती. महिना उलटून गेला तरी मी ती मागे घेतलेली नाही.

आम्ही तिघं भाईंदर पश्चिमेच्या एकाच सोसायटीतले. हरेश्वर इथलाच, जुन्या भाईंदरचा कोळी; मी गिरगावातून येऊन रुजलेला; जिग्नेशभाईचा स्टीलच्या डब्यांचा छोटा कारखाना. रविवारी जेवणं उरकली की हरेश्वरच्या हॉलमध्ये पोकर. पैसे लावायचे नाहीत ही त्याच्या बायकोची, मंगलावहिनींची अट, म्हणून चिंचोके. ज्याचे संपतील त्यानं सगळ्यांसाठी भजी आणायची. पण माझा थाट असा, की जणू राज्यच पणाला लागलंय. पानं उघडताना मी उभा राहायचो. शाल असती तर झटकलीही असती.

पोकर न खेळणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. प्रत्येकाच्या हातात दोन पानं असतात, टेबलावर आधी तीन उघडतात, मग एकेक करून आणखी दोन. समजा, तुमच्याकडे राजांची जोडी आलीय. आत्ता या घडीला तुम्ही सगळ्यांच्या पुढे. पण टेबलावर दोन बदाम उघडे पडलेत, आणि समोरच्याच्या हातातही दोन बदाम असले तर तो पाचव्याची वाट बघत दबा धरून बसलाय. तो आला, की तुमचे राजे गेले. म्हणून अशा वेळी चांगली मूठभर पुढे सारायची. पुढचं पान बघायची हौस त्याला महाग पडली पाहिजे. नाहीतर त्यानं पानं टाकून गप्प बसावं. आणि आमचा हरेश्वर? राजांच्या जोडीवर दोन चिंचोके सरकवायचा. दोन!

"अरे, मूठभर लाव की!" डाव संपल्यावर मी किंचाळायचो.

"मूठभर लावले तं तुम्ही दोघं पलाल. मंग खेलू कोनाशी?"

"हरेश, तू खेलता है के सदावर्त चलाता है?" असं म्हणत जिग्नेशभाई पाचवा बदाम आपटायचा आणि ढीग ओढून घ्यायचा. हरेश्वर हसत हसत चपला घालून भज्यांना निघायचा. मला त्या हसण्याचा मनापासून राग यायचा. आजही येतो.

मग त्याच्या आतड्यात गाठ निघाली. हे त्यानं पत्ते वाटता वाटता सांगितलं, पाणी येणार नाही म्हणून सांगावं तसं. डॉक्टर म्हणाले होते, लवकर सापडलीय, आत्ताच काढली तर बरे व्हाल. "पन आदी पुतनीचं लगीन होऊं दे," हरेश्वर म्हणाला. "आता आपरेशन काढलं तं माजा भाव लगीन पुढं ढकलंल. पोराकडची मानसं काय म्हनतील? तवर गोल्या खातो, पथ्य करतो. हलूहलू बघू."

मी पत्त्यांचा गठ्ठा हिसकावला आणि फरशीवर भिरकावला.

स्वयंपाकघरातून वहिनी ओरडल्या, "सांगा भावजी, तुमीच सांगा! माजं तं सांगून सांगून तोंड सुकलं."

"तुझी पानं आत्ता चांगली आहेत रे गाढवा," मी म्हणालो. "आत्ता!"

तो गुडघ्यांवर बसून पत्ते गोळा करत होता. मान वर न करता म्हणाला, "बदाम पत्त्यांत असतात रे. माज्या पोटात न्हाय."

लग्न थाटात झालं. हळदीत हा गृहस्थ बँजोसमोर असा नाचला, की नवरदेवाकडची माणसं मोबाईल काढून उभी राहिली. नंतर ऑपरेशनची तारीख घ्यायला गेला, तर नव्या तपासणीत गाठ यकृतापर्यंत पोचलेली. आता कापून उपयोग नाही, डॉक्टर म्हणाले. त्यांच्यावरही मी ओरडलो. ते बिचारे ऐकून घेत राहिले...

तेराव्याला सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य होतं, "देवमानूस. कोनाला तरास म्हनून दिला न्हाय." मी पत्रावळीवर बसलो होतो, तो उठलो. द्यायचा होता ना त्रास! लग्न पुढे ढकलायचं, व्याह्यांना घोर लावायचा, भावाला धावपळ करायला लावायची. चार माणसं चिडली असती, एखादं रुसून उठूनही गेलं असतं. तो तर राहिला असता.

गेल्या रविवारी वहिनींचा फोन आला, "या दोघं. पत्ते घेऊन या." आम्ही बिचकत गेलो. त्या पदर खोचून टेबलाशी बसल्या. इतकी वर्षं स्वयंपाकघराच्या दारातून बघून बघून त्यांना खेळ पाठ झाला होता, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. तिसऱ्या-चौथ्या डावात टेबलावर तीन पानं उघडली, त्यांत दोन इस्पिक. वहिनींनी दोन्ही हातांनी आपला अख्खा ढीग पुढे लोटला. चिंचोके फरशीवर सांडले.

"भाभी, सोच लो," जिग्नेशभाई म्हणाला.

"सोचून झालं."

त्यानं पानं टाकली. मीही टाकली. वहिनींनी आपली पानं उघडी केली : राण्यांची जोडी.

"किती आले?" त्यांनी विचारलं.

"आमचे सुरुवातीचे चारच, वहिनी. आम्ही दोघंही पळालो ना..."

"पलालात तं पला. मी हाय ना अजून?" त्या म्हणाल्या, आणि भिंतीवरच्या फोटोकडे न बघता त्यांनी पत्ते माझ्यासमोर सरकवले. "वाटा."