आपल्या डब्याला हात लावायचा नाही

भालेराव काका न विचारता दुसऱ्याची सॅक उघडायचे. पनवेलच्या एसटी स्टँडवर सकाळी सहाला आमची पहिली भेट झाली, ती अशीच. मी नवे बूट घालून उभी, आणि एक साठीचा शिडशिडीत माणूस मागे येऊन माझ्या सॅकची चेन ओढतोय! मी ओरडणार, तोच त्यांनी वेफर्सचं पाकीट बाहेर काढलं, कानाशी धरून दाबलं आणि म्हणाले, "यात निस्ती हवा हाय, ताई. हवा वर डोंगरावर फुकट मिळती." मला भयंकर राग आला. मी तशी पटकन चिडते. हेही चिडूनच लिहिते आहे, आधीच सांगून ठेवते.

आमचा ट्रेकिंगचा ग्रुप सानपाड्याच्या एका सोसायटीतला, दहा-बारा जणांचा. काका सोसायटीतले नव्हते. तळोज्याच्या एका कारखान्यात बॉयलरवर आयुष्य काढून निवृत्त झालेले, राहायला नावड्याला, मूळचे परभणीकडचे. इकडच्या डोंगरांच्या वाटा त्यांना पाठ होत्या, म्हणून आमचा ॲडमिन पराग याने त्यांना ग्रुपमध्ये घेतलं. वाटा ते दाखवायचेच, पण त्यांचा खरा जीव खाऊत. कुणी काय आणायचं हे शनिवारी एकेकाला फोन करून तेच ठरवायचे. काकडी अख्खी आणायची, कारण "चिरून आणली की अर्धं पानी घरीच सांडलं." लाडू लिंबाएवढा वळायचा, कारण मोठा लाडू माणूस अर्धा खातो आणि उरलेला सॅकमध्ये चुरतो. केळी मात्र अजिबात चालायची नाहीत. "केळं आपल्याआधी दमतं," म्हणायचे.

प्रबळगडाच्या चढावर मी सकाळीच दोन चॉकलेटं आणि कसलंसं गोड पेय ढोसून पळत सुटले होते. तासाभरात पायात गोळे आले, डोळ्यांपुढे अंधारी. काकांनी मला सावलीत बसवलं, मिठाची पुडी सोडली, भाजलेले शेंगदाणे आणि धपाट्याचा एक तुकडा हातावर ठेवला. धपाटे काकू करायच्या, ज्वारीच्या पिठाचे, लसूण चुरचुरीत लागेल असे. "पोटात जाळ धरून ठेवायचा ताई, भडका करायचा न्हाई. थोडंथोडं टाकत ऱ्हायचं." अर्ध्या-अर्ध्या तासाने मागे येऊन ते एकेक तुकडा देत राहिले. मी गड चढले ती त्या तुकड्यांवर.

वर पोचलं की ते एक फुलाफुलांची जुनी चादर अंथरायचे. सगळे डबे मधोमध उघडायचे आणि नियम एकच: आपल्या डब्याला हात लावायचा नाही. दुसऱ्याचंच खायचं. एकदा मी माझ्याच डब्यातली पुरी उचलली, तर मनगटावर चापट बसली. "घरी खातीस की रोज! डोंगरावर कशाला आली मग?" खाऊ निवडताना ते त्यामुळेच विचारायचे, याने तहान लागेल का, उन्हात टिकेल का, आणि दुसऱ्याला देता येईल का. तिसऱ्यात नापास झालं तर पहिल्या दोनांत कितीही मार्क असोत, ते घरी.

दोन वर्षं आम्ही सगळ्यांनी त्यांचे धपाटे बोटं चाटून खाल्ले. आडनाव भालेराव, त्यावरून लोकांनी मनातल्या मनात आपल्याला सोयीची ओळख ठरवून टाकली होती. मग एका एप्रिलमध्ये काकांनी मोठा डबा आणला, बुंदीच्या लाडवांचा. "चौदा एप्रिलचे हाइत. आमच्या विहारात रात्रभर बसून वळलेत सगळ्यांनी. घ्या." पराग म्हणाला, "माझा गोडाचा प्रॉब्लेम आहे काका." त्याच्या बायकोला नेमका तेव्हाच उपास आठवला, तोंडात माझी पुरी असताना. मी दोन लाडू खाल्ले आणि आपण फार मोठं काही केलं असं मला वाटलं.

तीन दिवसांनी ग्रुपवर मेसेज आला. "हायजीनच्या दृष्टीने यापुढे प्रत्येकाने आपापलं पॅकबंद खाणं आणावं. शेअरिंग टाळावं." खाली अंगठे. सातवा माझा. ऑफिसात होते, घाईत होते, लक्षात आलं नाही, असं म्हणायला मी मोकळी आहे. पण ते खोटं आहे. मला वाचताक्षणी कळलं होतं. आमच्या घरी जात पाळत नाहीत, असं आम्ही उठता-बसता सांगतो. आणि सांगणाऱ्या त्याच तोंडाने मी गप्प बसले.

पुढच्या ट्रेकला काका आले. चादर अंथरली, धपाटे मांडले. आमचे लोक आजूबाजूच्या दगडांवर बसून पाकिटं फोडू लागले.

"काका, मेसेज नाही वाचला का तुम्ही?" परागने विचारलं.

"वाचला की. दोन वर्षं माझ्या हातचं खाऊन तुमचं पोट बिघडलं न्हाई. लाडू बघून बिघडलं व्हय?"

"काका, उगाच वेगळा अर्थ काढू नका. टेन्शन नको. हायजीन आहे फक्त."

काकांनी एकेकाकडे पाहिलं. माझ्याकडेही. चादर माझ्यापासून चार पावलांवर होती. मी उठले नाही. बिस्किटं चावत बसले आणि पायाकडे बघत राहिले. त्यांनी एकट्याने एक धपाटा शांतपणे संपवला, डबा बंद केला, चादर झटकून घडी घातली. उतरताना वाट मात्र त्यांनीच दाखवली. त्यानंतर ते आले नाहीत.

महिन्याने मी नावड्याला त्यांच्या घरी गेले. काकूंनी चहा दिला आणि त्या आत निघून गेल्या. मी माफी मागितली. रडलेसुद्धा. काकांनी ऐकून घेतलं आणि त्यांचा आवाज चढला. तसा मी तो कधीच ऐकला नव्हता.

"अंगठा सगळ्यांसमोर दिला ना? मग माफी हितं कोपऱ्यात काहून मागायलीस? माझं काय ऱ्हायलंय तुझ्याकडं? तिकडं लिही."

"लिहिते, काका."

"लिही मग. चहा घे, निवायलाय."

मी लिहिलं नाही. किती वेळा टाइप केलं आणि पुसलं. याच सोसायटीत राहायचंय, लेकीच्या मैत्रिणी याच लोकांच्या मुली, कशाला वाकड्यात शिरायचं, असली कारणं. भेकड माणसाला कारणं कमी पडत नाहीत. असे सात महिने गेले, आणि एका सकाळी काका हार्ट अटॅकने गेल्याचं कळलं.

ती बातमी ग्रुपवर परागनेच टाकली. सोबत चादरीवरचा जुना फोटो, आणि खाली ओळ: "सगळ्यांना वाटून खाणारा दिलदार माणूस गेला." खाली जोडलेल्या हातांची रांग. ज्यांनी त्यांचा डबा बंद केला त्यांचेच हात! मी फोन भिंतीवर फेकला. काच फुटली, बाकी कशाचं काही झालं नाही.

नावड्याला मी गेले, पण काकूंपुढे तोंड उघडायची हिंमत झाली नाही. काय सांगणार होते? काकांनी मला एकच काम सांगितलं होतं.

म्हणून हे सगळं मी आज ग्रुपवर टाकते आहे, माझ्या नावासकट. पराग, तो मेसेज हायजीनचा नव्हता. तुला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि काकांना तर होतंच. मी अंगठा दिला, मी उठले नाही, आणि माफी त्यांच्या हयातीत इथे मागितली नाही. मला ग्रुपमधून काढायचं असेल तर खुशाल काढा. फक्त याच्याखाली कुणी हात जोडू नका.