अक्काच्या फोटोखालचं वाक्य

बाबांचा फोन आला तेव्हा मी पुण्यात, छापखान्यात प्रुफं तपासत होते. "अंबुजा गेली," एवढंच म्हणाले. अंबुजा म्हणजे माझी चुलत बहीण, मोठ्या काकांची एकुलती मुलगी, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी. मी तिला अक्का म्हणायची. दुसऱ्या दिवशी सकाळी तंजावरच्या जुन्या बसस्टँडवर उतरले, तर अक्का समोरच्या खांबावर होती. हसत होती. पोस्टरवर डावीकडे जुनी अक्का, हनुवटीखाली हनुवटी असलेली. उजवीकडे नवी, गालफडं वर आलेली, निळ्या साडीतली. खाली तमिळमध्ये ठळक अक्षरांत : 'मी पुन्हा जन्माला आले.' वजन उतरवण्याचं ऑपरेशन करणाऱ्या एका रुग्णालयाची ती जाहिरात होती. घरी अक्काला न्यायची तयारी चालली होती आणि खांबावर ती गिऱ्हाइकं गोळा करत होती.

ते वाक्य अक्काचं नव्हतं. ते माझं होतं. म्हणूनच हे लिहिते आहे.

घरी गेले तर ओसरीवर माणसं. एक लांबचे नातेवाईक दुसऱ्याला हळूच म्हणाले, "अखेरीस देह तरी हलका झाला. उचलायला चौघे पुरतील." मी वळून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली नाही; त्यांना त्यात वावगं काही वाटलंच नव्हतं. आयुष्यभर हे असंच चाललं होतं. अक्का जिवंत असताना तिच्याविषयी बोलायला लोकांकडे एकच विषय होता, मेल्यावरही तोच उरला.

ती पापनाशमच्या मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. रोज सकाळी बसनं जायची. कंडक्टर नवा असला की विचारायचा, "टीचर, दोन तिकिटं फाडू?" ती म्हणायची, "फाड. एक माझं, एक तुझ्या जिभेचं." पूर्ण बस हसायची, पुढच्या आठवड्यापासून तोच कंडक्टर तिच्यासाठी खिडकीची जागा धरायचा. स्थळं येऊन गेली तेव्हाही ती अशीच हसून मोकळी झाली. पण पस्तिशीत साखर वाढली, गुडघे गेले, वर्गात फळ्यापासून शेवटच्या बाकापर्यंत जाणं जड होऊ लागलं. ऑपरेशनचं तिनं स्वतः ठरवलं. काकी म्हणाली, "आतां कोण पाहणार गे तुज?" अक्का म्हणाली, "कोणीं पाहायास नाहीं करत, अम्मा. मज शेवटच्या बाकापर्यंत जायचें आहे." पिढ्यान्‌पिढ्या तंजावरात राहिलेल्यांची आमची मराठी ही अशी. तुम्हाला जुन्या दप्तरातली वाटेल. आम्ही तीत भांडतोसुद्धा.

देवनागरी मला अक्कानंच शिकवली. आमच्या घरात ती अक्षरं वाचणारी ती एकटीच उरली होती. बाबा बस-कामगारांच्या युनियनमध्ये. घरात कायम तमिळ पत्रकांचे गठ्ठे. आमच्याकडे पत्रकाला नोटीस म्हणतात. संप, पगार, बदल्या, पाणी... प्रत्येक गोष्टीची नोटीस निघायची, आणि उरलेल्या नोटिशींच्या कोऱ्या पाठीवर अक्का मला क ख ग गिरवायला लावायची. एका बाजूनं बाबांचा मजकूर, दुसऱ्या बाजूनं तिचा. मी दोन्ही शिकले. बाबांचा नियम होता : एक नोटीस, एक गोष्ट. चालता चालता हातात पडलेला कागद माणूस तीन पावलं वाचतो. चौथ्या पावलाला 'पण' आला की तो कागद फेकतो. दहाव्या वर्षी मी बाबांच्या मजकुरातले 'पण' खोडायला लागले होते. त्याबद्दल माझं भारी कौतुक व्हायचं.

ऑपरेशन झालं. जठराची पिशवी लहान करून आतडं वळवून जोडायचं, तशातलं. सुरुवातीचे महिने खरंच चांगले गेले, हे मला आज राग आलेला असतानाही लिहायलाच हवं. साखरेच्या गोळ्या सुटल्या. गुडघे हलके झाले. ती शेवटच्या बाकापर्यंत गेली, आणि त्या दिवशी तिनं मला फोन करून तेवढंच सांगितलं. सहाव्या महिन्यात रुग्णालयानं तिचा फोटो मागितला, चार ओळी मागितल्या. मी सुटीवर घरी आले होते. "तूं लिहून दे गे," ती म्हणाली, "तुज नोटिशीचें येतें." मी विचारलं, सांग काय वाटतं ते. तिनं सांगितलं : साखर गेली, चालता येतं, मुली म्हणतात टीचर तरुण झाल्या. मग म्हणाली, "मात्र आठवड्यांतून दोन-तीनदा उलटी होत्ये. पायांस मुंग्या येतात. विचारलें तर म्हणतात, होईल बरें."

मी ते लिहिलं. मग खोडलं. एक नोटीस, एक गोष्ट. तिनं वाचून पाहिलं आणि विचारलं, "उलटीचें गेलें?" मी म्हटलं, "अक्का, ते घातलं तर कोणी वाचणार नाही." ती म्हणाली, "तूं म्हणत्येस तर असेल," आणि सही केली. गणित शिकवणारी बाई, उत्तर चुकलं हे तिला दिसलं होतं. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला.

पुढची दोन वर्षं मी लांबून पाहिली. अर्धी फोनवर, अर्धी सुट्यांत. दर तपासणीला ती रुग्णालयात जायची. तिथे तिला काट्यावर उभं करायचे, आकडा उतरलेला दिसला की खूश व्हायचे आणि पाठवायचे. केस गळतात? वजन उतरल्यावर गळतात. चक्कर येते? सावकाश उठा. गोड घास खाल्ला की घाम फुटतो, छाती धडधडते? मग गोड खाऊ नका. रक्तात काय कमी पडतंय हे कोणी पाहिलं नाही, कारण ज्या गोष्टीचं त्यांनी ऑपरेशन केलं होतं ती तर झकास चालली होती. माणूस आटत होता आणि फायलीवर तो बरा होत होता.

घरातले आम्ही काय वेगळे होतो? मोठ्या काकांच्या तिथीला आमच्याकडे स्वयंपाक करणारी बाई सोवळ्यात असते. भटजी जेवून उठेपर्यंत तोंडात पाण्याचा थेंब घालत नाही. अक्काला दर दोन तासांनी दोन घास खायचे होते, तसं कागदावर लिहून दिलेलं होतं. ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. तरी वडिलांची तिथी म्हणून तिनं पहाटेपासून चुलीपुढे रसवांगी, डांगर पच्चडी, वडे केले आणि तीन वाजता परातीवरच कोसळली. काकी म्हणाली, "बारीक झाल्यापासून नाजूक झाल्ये." मी तिथेच होते. मी म्हणाले नाही की उपाशी ठेवलंत. जगभरच्या अन्यायावर मी नोटिशी लिहिते. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर माझी वाचा बसली.

त्यानंतर उलट्या थांबेनात. तीन आठवडे अन्न टिकेना, शेवटी पाणीही. जवळच्या दवाखान्यात सलाईन लावलं, ग्लुकोजच्या बाटल्यांवर बाटल्या. चौथ्या दिवशी तिला एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या. पाचव्या दिवशी ती माझ्या आईला ओळखेना. ऑपरेशनवाल्या रुग्णालयात फोन केला तर तिथली बाई म्हणाली, पेशंट नीट चावून खात नसेल. शेवटी बाबांनी तिला तिरुचीला नेलं. तिथल्या वयस्क डॉक्टरीणबाईंनी बाटली पाहिली आणि कपाळावर हात मारला. एक साधं जीवनसत्त्व, बी-वन, शरीरात संपलं होतं. ते न देता ग्लुकोज चढवलं की मेंदूवर घाला पडतो. असल्या ऑपरेशननंतर कोणी आठवडाभर ओकलं तर आधी ती सुई द्यायची, हे शिकाऊ डॉक्टरालाही ठाऊक असायला हवं, असं त्या म्हणाल्या. साधी सुई! तिला काट्यावर चढवणाऱ्या इतक्या हातांपैकी एकालाही ती सुचली नाही.

अक्का वाचली. पण चाल गेली. भिंत धरून चालायची, बोटीतल्यासारखी. सकाळचं दुपारी आठवेना. पाढे मात्र सगळे शाबूत राहिले. शाळा सुटली. बसमधली खिडकी सुटली. शहरभर तिचा फोटो मात्र तसाच होता. आम्ही दोघी रुग्णालयात गेलो, फोटो काढा म्हणून सांगायला. टेबलामागच्या माणसानं सहीचा कागद दाखवला. "यात तुम्हीच लिहिलंय, मॅडम, पुन्हा जन्माला आले म्हणून." अक्का भिंत धरून उभी होती. म्हणाली, "आले ना. आता चालायला शिकतेय." तो हसला. त्याला तो विनोद वाटला.

तिरुवैयारुला सेल्वी नावाची शिंपीण आहे. अक्काचे ब्लाउज तिच्याकडे. ऑपरेशननंतर महिन्या-महिन्याला ते आत घ्यायला अक्का तिच्याकडे जायची, त्यामुळे ते बारीक होणं सेल्वीनं टेपनं मोजलेलं. ती स्वतः लठ्ठ, साखर असलेली. एक दिवस ती पोस्टरवरचाच फोटो आणि मजकूर असलेली नोटीस हातात घेऊन घरी आली : "टीचर, तुमचं पाहून मी पण ठरवलंय." काकीनं मला डोळ्यानं खुणावलं, गप्प राहा, घरातलं बाहेर कशाला. अक्कानं काही ऐकलं नाही. तिनं उठून, भिंत धरून, त्या खोलीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालून दाखवलं. मग सेल्वीला म्हणाली, "थांब थोडी. खरं काय ते आम्ही लिहून देतो."

ती गेल्यावर मला म्हणाली, "दुसरी नोटीस लिही."

मी एका बैठकीत लिहिली. कसाई, दरोडेखोर, बायकांच्या शरीरावरचा धंदा... सगळे शब्द तयारच होते. अक्कानं ऐकली. "हें पण खोटेंच," म्हणाली. "माझी साखर गेली तें कोठें आहे? गुडघे? सेल्वीला दोन्ही कळूं दे. ऑपरेशन कर म्हणूं नको, करूं नको म्हणूं नको. नंतर काय विचारायचें, काय मागायचें, उलटी झाली तर कोणाच्या दारांत बसायचें, तें लिही." मी म्हटलं, "नोटिशीत दोन गोष्टी बसत नाहीत, अक्का." ती म्हणाली, "मग कागद मोठा घे."

मी चिडले. मला लढाई हवी होती. तिला यादी हवी होती. पुण्याला परतले, कामं होती, आज-उद्या करत राहिले. दर फोनला ती विचारायची, कारण आधीच्या फोनला विचारलेलं तिला आठवायचं नाही. "झाली का गे नोटीस?" प्रत्येक वेळी पहिल्यांदा विचारल्यासारखं. आणि प्रत्येक वेळी मी पहिल्यांदा सांगितल्यासारखं सांगायचे, होते आहे.

एका दुपारी तिच्या पोटात कळ आली. दवाखान्यात म्हणाले, गॅस. काकीनं सांगितलं की हिचं असं असं ऑपरेशन झालंय. ते म्हणाले, त्याला आता तीन वर्षं झाली. वळवून जोडलेलं आतडं आतल्या आत अडकलं होतं. असं ऑपरेशननंतर कित्येक वर्षांनीही होतं. हेही त्या यादीत असायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिरुचीच्या वाटेवर ती गेली.

माझा राग कोणावर आहे, असं बाबांनी मला तेराव्यानंतर विचारलं. मी म्हटलं, टेबलामागच्या त्या माणसावर, काट्यावर, तिथीवर, उचलायला चौघे पुरतील म्हणणाऱ्यावर. "आणखी?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, माझ्यावर. मग तिथेच बसून लिहायला घेतलं. पान भरलं, पाठ भरली. काय चांगलं झालं, काय वाईट. कुठल्या तपासण्या नाव घेऊन मागायच्या. उलटी किती दिवस चालली की थांबायचं नाही. पोटात कळ आली तर कोणते शब्द डॉक्टरपुढे मोठ्यानं उच्चारायचे. तिरुचीच्या त्या डॉक्टरीणबाईंनी ओळ न् ओळ तपासून दिली. बाबांनी वाचून चष्मा काढला. "ही नोटीस नव्हे. हें कोणीं तीन पावलांत वाचणार नाहीं." आणि स्वतः जाऊन छापून आणली. बसस्टँडवरचं पोस्टर आम्ही दोघांनी पत्र्याच्या तुकड्यानं खरवडून काढलं. आठवड्यात नवं लागलं. पुन्हा खरवडू.

पहिला कागद मी सेल्वीला नेऊन दिला. ती शिवणयंत्रावर बसून शेवटपर्यंत वाचत राहिली. मला वाटलं, आता ही नाही म्हणेल. मला ते हवंही होतं, कबूल करते. ती म्हणाली, "साखरेनं माझ्या आईचा पाय गेला. मी करून घेणार." दुसऱ्या गावच्या डॉक्टरकडे ती तो कागद हातात धरून गेली आणि एकेक ओळ विचारत राहिली. ते चिडले. ती उठली नाही.

ऑपरेशन होऊन तिला महिना झाला. तिच्या घरी सात माणसं, सगळ्यांचं जेवण भराभर उरकायचं. तिथे तिला खाता येत नाही. म्हणून तंजावरात कामाला आली की दुपारी आमच्याकडे येते, अक्काच्या खोलीत. काकी दार ओढून घेते, पंखा लावते, वाटीत मऊ भात आणि वरण कालवते, आणि समोर बसते. कितीदा चावायचं, कुठे थांबायचं, घशात अडकल्यासारखं झालं तर कसं ताठ बसायचं, हे सगळं काकीच्या हातांना ठाऊक आहे. अक्का भिंत धरून चालू लागल्यापासून त्या हातांनी तेच केलं. परवा सुटीवर आले तेव्हा मी दारातून पाहिलं. बाहेरून कोणीतरी हाक मारली, सेल्वीनं घाईनं घास उचलला. काकीनं तिचं मनगट धरलं आणि तमिळमध्ये म्हणाली, "राहू दे त्यांना उभं. तू गीळ आधी."