न चाळलेलं पीठ

नामांतराच्या धामधुमीत फुलंब्रीच्या गाडीत बौद्ध वस्तीतली एक पोरगी रोज भेटायची. विद्यापीठात शिकायची. कुणी नाक मुरडलं, की मुद्दाम डबा उघडायची.

एकदा एक आबा म्हणाले, "नाव बदलून काय व्हतं? रक्तातलं बदलतंय का?"

"रक्तातलं राहतंय, आबा. पण त्यातलं जागं काय व्हायचं ते भाकरीवरबी असतं. कोंडा खाल्ला की पोटातले जंतू त्याचं आम्ल करतात. त्यानं काही जनुकं जागी व्हतात, काही निजतात. घ्या, ही न चाळलेल्या पिठाची भाकर खाऊन बघा."

आबा खिडकीबाहेर बघू लागले. मला भूक होती. मी अर्धी भाकर घेतली.

बातमी माझ्याआधी घरी पोचली. सासूनं माझं ताट वेगळं काढलं. मी त्यात जेवले. पण त्या दिवसापासून मी घरचं पीठ चाळलं नाही. कोंड्याची भाकर सासूनंही खाल्ली.