मार्गशीर्षातला नाताळ

नव्या वर्षाचं कॅलेंडर घरात आलं की लोक आधी जानेवारी बघतात. आमची आई आधी डिसेंबरचं पान उघडायची. दौंडच्या घरात, स्वयंपाकाच्या ओट्याशी उभी राहून, पंचवीस तारखेच्या चौकटीवर बोट ठेवून मला विचारायची, "बघ रे, काय लिहिलंय? मार्गशीर्ष का पौष?" चष्मा तिच्याच कपाळावर चढवलेला असायचा. तो खाली ओढ म्हणजे तुलाच दिसेल, असं मी दरवर्षी सांगायचो आणि ती दरवर्षी ऐकायची नाही. पौष म्हटलं की खूश. मार्गशीर्ष म्हटलं की मनाशी काहीतरी आखायला लागायची.

ख्रिस्ती घरातली बाई, एक रविवार चुकवायची नाही, आणि नाताळ ठरवायची पंचांगावर. वडील असते तर हसले असते. पण वडील रेल्वेतून निवृत्त झाले आणि वर्षभरातच गेले, त्यामुळं तिला हसायला मी एकटाच उरलो होतो.

हे पंचांग घरात शिरलं माझ्या दोन मित्रांमुळं. शिरूरच्या बाजूला ज्या कारखान्यात मी नोकरीला लागलो, तिथं एकाच शॉपमध्ये, म्हणजे एकाच विभागात, आम्ही तिघं. एक राहू गावचा. त्यांची आधीची पिढी मेंढरं घेऊन हिंडली, आता ऊस आणि घरचं गुऱ्हाळ. दुसरा केंदूरचा. त्याचे वडील सोसायटीच्या राजकारणात मुरलेले, त्यामुळं हाही साधं चहाला जायचं असलं तरी ठराव मांडल्यासारखा बोलतो. तिघांची लग्नं मागेपुढे झाली आणि बायकांचंही जमलं. मग पहिल्याच नाताळला मी दोघांना जोडीनं दौंडला जेवायला बोलावलं.

आईनं आठवडाभर आधीपासून घर डोक्यावर घेतलं होतं. करंज्या, शंकरपाळ्या, चकल्या झाल्या. केकचं मिश्रण घरी फेटून पत्र्याच्या डब्यातून बेकरीत भाजायला नेलं, आणि भट्टीवाल्यावर विश्वास नाही म्हणून स्वतः तिथं बसून राहिली. नाताळाच्या सकाळी उपासनेहून आल्या आल्या परसात चूल पेटवून मटण चढवलं. घमघमाट पार गल्लीच्या तोंडापर्यंत. राहूचा मित्र गुळाची ढेप खांद्यावर घेऊन आला, आईच्या पाया पडला, जेवायला बसला आणि ताट समोर आल्यावर हात जोडले.

"आई, महिना हाय. आमच्याकडं मार्गशीर्षात चालत न्हाई. आमी फराळाचं खातो, च्या घेतो. तुमी वाईट वाटून घेऊ नका."

केंदूरच्याच्या बायकोचे गुरुवार होते, म्हणजे त्याचीही तीच गत. तो एकटा असता तर महामार्गावरच्या ढाब्यात महिना आणि वार दोन्ही विसरला असता, पण बायको शेजारी बसलेली. त्यानंही मान खाली घालून करंजी उचलली. आईनं दोघांनाही काही म्हटलं नाही. नंतर मात्र मला आठवडाभर ऐकवलं, "सणाच्या दिवशी माझ्या दारातून माणसं करंजीवर गेली." मी म्हटलं, त्यांचा नेम आहे, तू काय करणार? आई म्हणाली, "नेम त्यांचा आहे. उपाशी धाडलं ते मी."

मग तिनं उपाय काढला. पुढच्या मार्गशीर्षातल्या नाताळाआधी तिनं नवी पातेली, नवा तवा, नवी परात आणली. राहूच्या मित्राच्या बायकोला हाताला धरून ओट्याशी नेलं आणि म्हणाली, "बघ पोरी, ह्यात अंडंसुद्धा उकडलेलं नाही. देवाशपथ." ती बिचारी लाजली. "आवं आई, येवढं कशाला?" पण माझ्या लक्षात आलं, तिचा जीव भांड्यात पडला होता. घरी सासरे आबा असे होते की मार्गशीर्षात कुणी अंड्याचं नाव काढलं तरी चूळ भरायचे.

त्या दिवशी आईनं राहूच्या गुळाचं पुरण घातलं. पोळ्या, कटाची आमटी, भरली वांगी, कुरडया. जेवणाआधी तिनं डोळे मिटून प्रार्थना केली, तेव्हा मित्रही हात जोडून बसले. मग जी पंगत बसली ती उठायला तयार नव्हती. आई वाढत होती, नको म्हटलं की दुप्पट वाढत होती, आणि केंदूरचा पोटावर हात फिरवत म्हणत होता, "आई, तुमच्या पोळीला आमचा एकमतानं पाठिंबा हाय." तिला एवढं हसताना वडील गेल्यापासून मी पाहिलं नव्हतं.

आता खरं सांगायचं तर माझी चिडचिड झाली होती. वर्षभर ज्या रश्श्याची वाट बघायची, तो नाताळलाच नाही. कारण मटण त्या दिवशी घरात शिजूच द्यायचं नाही, असं आईनं ठरवून टाकलं. "पाहुण्यानं पोळी खायची आणि आपण त्याच्यासमोर हाडं चोखायची, बरं दिसतं का?" मग आमचाही नाताळ गोडाचा. पौषात आला की मटण, मार्गशीर्षात आला की पुरण. मित्रांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांना वाटायचं, ते गेल्यावर आमचं मटण होत असणार.

अशी कितीतरी वर्षं गेली. आई थकत चालली, पुरण वाटताना मध्येच ओट्याला टेकायची, पण मदतीला कुणी गेलं की हाकलून द्यायची. तिचं सगळं वर्ष त्या एका दिवसासाठी असायचं. माझी माणसं माझ्या घरी येऊन पोटभर जेवली पाहिजेत, याच्यापलीकडं तिनं माझ्याकडं कधी काही मागितलं नाही.

मग एका मार्गशीर्षात आम्ही ताटावर बसलेलो असताना शेजारच्या मावशी मागच्या दारानं आल्या. हातात झाकलेला वाडगा. त्यांना कुणी बसलंय ते दिसलं नाही. आत येता येताच म्हणाल्या, "अगं, ह्या साली पण तुमच्यात पुरणच का? सणासुदीचं तोंड आळणी कशाला ठेवतीस? घे, रस्सा आणलाय." आणि मग समोर पंगत बघून वाडगा पदराखाली घेतला.

आई घाईनं म्हणाली, "मला नाही आवडत आता मटण. दातांना सोसत नाही." दात तिचे आमच्यापेक्षा धड होते, हे सगळ्यांना माहीत होतं. राहूच्या मित्रानं पोळीचा घास हातातच धरला. पुढं तो जेवला, पण मागून घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळची पाळी होती म्हणून त्या वर्षी मीही त्यांच्याच गाडीतून शिरूरला निघालो. न्हावरं मागं पडल्यावर केंदूरचा म्हणाला, "आपल्यापायी त्या माउलीचा सण मोडतोय, आन् आपण हादडतोय. आता असं चालायचं न्हाई." राहूचा नुसता "व्हय" म्हणाला. मला तिथंच सांगता आलं असतं की सण मोडत नाही, तिचा सण तोच आहे. पण मलाही वाटलं, बरं झालं. तिचे हाल थांबतील, आणि कदाचित रस्साही परत येईल.

पुढच्या नाताळाआधी केंदूरच्यानं आईला फोन केला. "आई, यंदापासनं तुमी चुलीपुढं बसायचं न्हाई. आमी तुमाला जेवायला नेणार. आमची येवढी सेवा घ्या." आई म्हणाली, "बरं बाबा. तुम्हाला सोयीचं असेल तसं."

हॉटेल चौफुल्याजवळ, महामार्गाला लागून. दौंडहूनही जवळ आणि शिरूरहूनही. केंदूरच्यानं मुद्दाम निवडलेलं, कारण तिथं दोन बाजू होत्या. एकीकडं शुद्ध शाकाहारी, दुसरीकडं मटण-भाकरी, मध्ये काचेची भिंत. सगळ्यांची सोय. महिना होता म्हणून मित्र आपल्या बायकांना घेऊन काचेच्या पलीकडं बसले आणि आम्ही अलीकडं. आईपुढं मटणाचं ताट आलं. तिनं प्रार्थनेला डोळे मिटले तेव्हा वर गाणं दणदणत होतं आणि वेटर तिच्या कोपराशी पापड ठेवून गेला. तिनं डोळे उघडले, भाकरी मोडली आणि काचेतून पलीकडं बघत जेवली. त्यांनी हात हलवला, हिनंही हलवला. गाडीतून जाणाऱ्या माणसांना हात करतात ना, तसा.

"कसं होतं आई?" बाहेर आल्यावर राहूच्या मित्रानं विचारलं.

"छान होतं की," ती म्हणाली. "भाकरी गरम होती."

मग तो पायंडाच पडला. पौष असो की मार्गशीर्ष, नाताळ म्हटलं की हॉटेल. पौषात सगळे एका बाजूला बसायचो, पण तिथंही वाढणारा वेटरच. आई नीटनेटकं लुगडं नेसून यायची, थोडं जेवायची, छान होतं म्हणायची. घरी करंज्या व्हायच्या, पण त्या डब्यात भरून हॉटेलच्या पार्किंगमध्ये वाटल्या जायच्या. ती एकदाही म्हणाली नाही की घरी या. मित्र एकदाही म्हणाले नाहीत की घरी येतो. भीड ही भिकेची बहीण म्हणतात, ते काही खोटं नाही. आमच्याकडची माणसं बांधावरून कोर्टापर्यंत भांडतील, पण तुमच्या हातचं जेवायचंय, हे एक वाक्य घशातून काढायला त्यांना वर्षं लागतात.

माझ्या बायकोनं एकदा तिला सरळ विचारलं, तुम्हाला हॉटेल आवडत नाही तर बोलत का नाही? आई म्हणाली, "त्यांच्या घरचे काही बोलले असतील, आपल्याकडं जेवण्यावरून. आपण हट्ट धरायचा आणि पोरांनी कात्रीत सापडायचं, कशाला?" बायकोनं ते मला सांगितलं. मी म्हटलं, बघू, बोलतो त्यांच्याशी. बोलायचं राहून गेलं. काही मोठं कारण नाही. असं बोलायचं राहूनच जातं.

आईचा शेवटचा नाताळही मार्गशीर्षात आला. हॉटेलला गर्दी होती. मित्र पलीकडं, आम्ही अलीकडं. आई ताटावरून मध्येच उठली. हात धुवायला निघाली असेल असं मला वाटलं. तर ती काठी टेकत काचेचं दार ढकलून पलीकडं गेली आणि मित्रांच्या टेबलाशी उभी राहिली. वेटर पोळ्यांचं ताट घेऊन आला होता. तिनं काठी टेबलाला लावून ठेवली आणि त्याच्या ताटातली पोळी उचलून राहूच्या मित्राला वाढली.

"अम्मा, आप बैठिए, मैं देता हूँ ना," तो पोरगा गडबडला.

"तू राहू दे बाळा," आई म्हणाली. "माझे पाहुणे आहेत."

मग तिनं केंदूरच्याला वाढली, दोघींना वाढली, नको म्हणणाऱ्या हातांवरून वाढली. सगळ्यांना वाढून झाल्यावर हात जोडले आणि आमच्याकडं यजमानीण पंगतीला म्हणते तेच म्हणाली, "सावकाश जेवा. काही कमी-जास्त झालं असेल तर पोटात घाला." आजूबाजूची टेबलं बघत राहिली. मी काचेच्या या बाजूला उभा होतो, आणि मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. लाज तिची नव्हती वाटत. आमची वाटत होती.

राहूचा मित्र खुर्चीतून उठला. मोठा, रापलेला माणूस, त्यानं आईचे दोन्ही हात धरले.

"आई, फुडच्या साली घरीच. तुमच्या हातचं."

"महिना असला तरी?"

"महिना असला तरी. आमाला वाटलं, आमच्यापायी तुमाला तरास."

"आणि मला वाटलं, तुमच्या घरी चालत नाही."

त्याची बायको रडायला लागली. "आवं आई, आमचे आबा जाईस्तोवर इचारायचे, दौंडच्या बाईकडं जाऊन आला का म्हून." आईनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "अगं मग आधी सांगायचं नाही का?" आणि हसली. परतताना गाडीत सगळा वेळ ती पुढच्या नाताळाचंच बोलत होती. पुरणाला हाताखाली माझ्या बायकोला घेईन, हेसुद्धा पहिल्यांदाच कबूल केलं.

उन्हाळ्यात आई गेली. सकाळी चहा घेतला, पडते जरा म्हणाली आणि उठलीच नाही. दुपारपर्यंत मित्र आले. तिला माती देऊन संध्याकाळी आम्ही घरी परतलो. ज्या घरातलं माणूस जातं त्या घरात चूल पेटवत नाहीत, शेजारचे नाहीतर जवळचे जेवण आणतात. राहूच्या मित्राच्या बायकोनं कुणाला विचारलंच नाही. गावी जाऊन पिठलं-भाकरी करून, फडक्यात बांधून घेऊन आली. तिनं आईच्या स्वयंपाकघरात जमिनीवर ताटं मांडली. आम्ही बसलो, मित्र बसले, शेजारच्या मावशी बसल्या. केंदूरचा खाली मान घालून बसला होता. सगळे भाकरी नुसती मोडून ताटात ठेवत होते. ती वाढत होती आणि म्हणत होती, "थोडं तरी खावा. आईंच्या घरात उपाशी बसू नका."

पुढचं जेवण घरीच करायचं ठरलं होतं. ते तसंच झालं.