दुसऱ्या मजल्यावर अडलेला आकडा

आमच्या सहकारनगरच्या सोसायटीतले गोपाळकृष्ण मायदेव सर निवृत्त झाले ते फक्त पगारापुरते. पंचवीस वर्षांपूर्वी ते विद्यार्थ्यांना सांगत, धुळीच्या कणाएवढी यंत्रं येतील, भिंतीत, शेतात, हवेत पसरतील आणि आजूबाजूचं सगळं मोजून एकमेकांना कळवतील. प्रत्यक्षात सरांनी बनवलेलं यंत्र पोळीच्या डब्याएवढं झालं, आणि त्याची बॅटरी एक सत्यनारायण पार पडेपर्यंतही टिकत नसे. पुढे जगाने तसली यंत्रं मनगटावर बांधली. सरांना कोणी विचारलं नाही. सर डबे करत राहिले.

यंदा त्यांच्या जुन्या कॉलेजने ‘या संशोधनाचा काल आणि उद्या’ या विषयावर भाषणाला बोलावलं. पडद्यावर आमच्या विंगेतल्या उष्णतेचा त्या क्षणीचा, चालता नकाशा दाखवायचं सरांनी ठरवलं. "नाहीतर पोरं म्हणतील, म्हातारा आठवणी सांगून गेला," असं ते मला म्हणाले. मला वाईट वाटलं.

त्यांनी प्रत्येक स्वयंपाकघरात एक डबा लावला. डबा ओट्याजवळची उष्णता मोजतो, आकडा खालच्या मजल्यावरच्या डब्याला देतो, तो त्याच्या खालच्याला, असं करत तळमजल्यावर सरांच्या कॉम्प्युटरपर्यंत. वरचा आकडा पुढे जाताना मधल्या डब्याचा दिवा लुकलुकतो. सगळं सुरळीत चाललं होतं. पण समजावून सांगायची खोड मास्तरांना सुटते थोडीच! दुसऱ्या मजल्यावरच्या श्यामलाबाईंना दिवा दाखवत सर कौतुकाने म्हणाले, "हा बघा, दुर्गाबाईंचा आकडा चालला तुमच्या घरातून!"

दुर्गाबाई बीडकडच्या, श्यामलाबाईंच्या डोक्यावरच, सगळ्यात वरच्या तिसऱ्या मजल्यावर राहतात. मुलगा सकाळी हिंजवडीच्या बसने जातो तो रात्रीच उगवतो. त्यांच्या वाळत घातलेल्या साडीचं पाणी श्यामलाबाईंच्या कुरडयांवर ठिबकलं, तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद.

"आमचं बोलणं नाही, आणि त्यांचा आकडा माझ्या ओट्यावरून?" श्यामलाबाईंनी डबा बंद केला. नकाशाचा वरचा भाग काळा पडला.

सर विनवायला गेले. "अहो, पोस्टमन काही पत्र वाचत नाही."

"मग पोस्टमनच ठेवा."

भाषणाच्या दिवशी सकाळी सर शेवटचा प्रयत्न करायला निघाले. लॅपटॉप धरायला मी बरोबर होतो. बघतो तर श्यामलाबाईंचा डबा चालू! सरांचा चेहरा उजळला.

"तुमच्या भाषणासाठी नाही," श्यामलाबाईंनी तोडून टाकलं. "कालपासून वर त्यांचं पाऊल वाजलेलं नाही, मुलाचं तेवढं वाजलं. म्हणून चालू केला, तर दिवाही लागत नाही." बोलता बोलता त्या जिना चढल्या आणि त्यांनी बेल दाबली. बऱ्याच वेळाने दुर्गाबाईंनी दार उघडलं, कमरेवर हात धरून.

"तुम्ही डबा बंद केला म्हून म्या बी काढून ठेवला. कंबर धरलीया कालपासून, चालवंना."

"मग हाक नाही मारायची?"

"बोलत कुठं होता तुम्ही?"

"बोलत नव्हते. बहिरी नव्हते." श्यामलाबाई तडक आत शिरल्या आणि चहाचं आधण ठेवलं. सर दारातून हळूच म्हणाले, "तो डबा तेवढा..."

"सर, आपण निघा. उशीर होतोय." दार लागलं.

कॉलेजात पडद्यावर नकाशा आला, तिसऱ्या मजल्यावर काळ्या चौकोनासकट. एका मुलीने विचारलंच, "सर, तिथे काय फेल झालंय? बॅटरी?"

सर चौकोनाकडे वळले. म्हातारा आता रडतो की काय, असं वाटलं.

"काही फेल नाही," ते म्हणाले. "तिथे शेजारीण बसलीय. पंचवीस वर्षांतला हा माझा सगळ्यात चांगला निकाल."