हा कंडक्टर तो कंडक्टर नाही

“उलटं करून बघितलं का?” हा मॅडमचा ठरलेला प्रश्न. स्टाफरूमचा पंखा बंद पडो, पेन उमटेनासं होवो, कुणी सुनेचं गाऱ्हाणं सांगो, मॅडम तर्जनी हवेत गर्रकन फिरवायच्या आणि हेच विचारायच्या. सुनेचं गाऱ्हाणं सांगणाऱ्या बाई मग आठवडाभर त्यांच्याशी बोलत नसत.

धुळ्याच्या आमच्या कॉलेजात त्या फिजिक्स शिकवत, मी मराठी. रोज सोनगीरहून येत. नेमणूक तासिका तत्त्वावरची, म्हणजे दर वर्षी नव्याने. कायमची एक जागा निघणार होती, तिच्यावर त्यांची सगळी आशा होती.

त्यांचं संशोधन मला चहा पिताना कळलं. शिसं अतोनात थंड केलं की ते अतिवाहक, म्हणजे सुपरकंडक्टर, होतं; त्यातून वीज विनाअडथळा वाहते. त्यावर एकच अणू ठेवायचा आणि वरून शिशाचीच सुई त्याला भिडवायची. “अणू शिशाचा असला तर दोन्हीकडून सारखंच, सर. क्रोमियमचा ठेवला की एका दिशेने वीज जास्त जाते, उलट दिशेने कमी. एका अणूने एवढा फरक!” परदेशातल्या या प्रयोगाची आकडेमोड त्या सोनगीरला बसून करत. हे सांगताना त्यांचा चहा पार निवून जायचा.

शोधनिबंध छापून आला आणि कॉलेजने सत्कार ठेवला. संस्थेचे अध्यक्ष, म्हणजे सगळ्यांचे नाना, पत्रिकेवरचा ‘अतिवाहक’ हा शब्द वाचून भाषणाला उभे राहिले. “आपल्या बाईंनी एसटीच्या वाहकांसाठी मोठं काम केलं. बिचारे दिवसभर उभे असतात!”

टाळ्या पडल्या. मॅडम उठल्या. “नाना, हा कंडक्टर तो कंडक्टर नाही. मी विजेबद्दल लिहिलंय.”

सभागृह खो-खो हसलं. नानाही हसले, पण नुसते दात दाखवून.

पुढे त्या जागेची मुलाखत झाली. नानांनी एकच प्रश्न विचारला. “याच्यावर केळीच्या बागेतली मोटार चालेल का?”

“नाही,” मॅडम म्हणाल्या. जागा दुसऱ्याला गेली.

असे नाना तुम्हीही पाहिले असतील. स्वतःचं अज्ञान त्यांना खुशाल चालतं, त्यावर कुणी हसलेलं चालत नाही. पण मला जास्त संताप येतो तो समितीतल्या बाकीच्यांचा. चांगले शिकलेसवरलेले लोक, बिस्किटं खात माना डोलवत बसले.

मी सोनगीरला गेलो तेव्हा मॅडम त्या परदेशातल्या प्रयोगशाळेत निघून गेल्या होत्या. त्यांची आई ओट्यावर डाळ निवडत होती. “बठ्ठा पुस्तकं लई गई, भाऊ. आते ती येवाव नई.” सगळी पुस्तकं नेली, आता ती यायची नाही, एवढं बोलून ती पुन्हा डाळीकडे वळली.

परवा जळगावला एका लग्नात वरण-बट्टीची पंगत बसली होती. समोरच नाना होते, शेजारच्याला सांगत होते, “तिकडे केवढं नाव काढलं पोरीनं! आम्ही घडवली तिला.”

माझा घास हातातच राहिला. “नाना, घडवली नाही,” मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो. “घालवली.”

नानांनी वाढप्याला हाक मारली आणि वांग्याची भाजी आणखी मागितली.